दुनळीची पट्टी

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी मेल करून प्रकृतीची चौकशी केली, त्यांचे आभार. प्रकृती ठीक आहे. मी एका बंदुकीच्या नादात होतो. या वयात बंदूक म्हटल्यावर आमच्या सौ.नेही माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं होतं, तेव्हा तुम्हांला नवल वाटलं तर चूक नाही.

बंदूक आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची. बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमला घडलेली. दादांच्या माघारी ती थोरल्या भावाच्या परवान्यावर आली, आता पुतण्याच्या परवान्यावर आहे आणि वेल्ह्याच्या बाजूला आमच्या मूळ घरी असते. गंज चढला म्हणून ती पुण्याच्या एका कारागिराकडे दिली. (गावच्या लोहाराकडे देता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक नुसती दुरुस्त करायलाही परवाना लागतो.) आठ दिवसांनी कारागिराचा फोन आला, "गुरुजी, बाकी सगळं होईल, पण वरच्या पट्टीवर कुठलं काम करू? तुम्ही सांगाल ते करतो." या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. ते का, ते सांगतो.

आधी पट्टी म्हणजे काय ते. दुनळीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. त्यांना जोडणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या, एक वरून, एक खालून, कथलाच्या डाकानं बसवलेल्या असतात. खालची नुसती जोडकामाची. वरची मात्र नजरेची. दस्ता खांद्याला लावला की डोळा या पट्टीवरून धावत टोकाच्या माशीपर्यंत जातो आणि तिथून सावजावर. पट्टी गुळगुळीत असली की तिच्यावर ऊन चमकतं, डोळा दिपतो आणि माशी दिसेनाशी होते. म्हणून बंदूक करणारे पट्टीचा तुकतुकीतपणा मुद्दाम मारतात. त्यासाठी तिच्यावर बारीक रेघा किंवा ठिपके कोरतात. कारागीर 'काम' म्हणत होता ते हे.

आता ही पट्टी पहिल्यापासून अशी नव्हती. जुन्या दुनळ्यांची पट्टी दोन नळ्यांच्या मधल्या खाचेत दबलेली असे. लंडनच्या जोसेफ मँटननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला उंच केलं आणि तिचं पेटंट घेतलं. त्याचा हेतू वेगळा होता, उडत्या पक्ष्याच्या खालून जाणारे छर्रे थोडे वर जावेत हा. पण पट्टी नजरेच्या रेषेत वर आली म्हणजे ती उजेडातही आली. पुढे जितके शिकारी तितक्या पट्ट्या झाल्या. लंडनच्या उंची बंदुकांची पट्टी बहुधा पन्हळीसारखी खोलगट आणि साधी. त्यांचं म्हणणं असं की पक्ष्यावर बार टाकणारा माणूस पट्टीकडे पाहतच नाही, पक्ष्याकडे पाहतो. पैजा लावून कबुतरं मारण्याचा खेळ होता त्यातल्या बंदुकांना रुंद, सपाट आणि कानशीनं आडव्या रेघा ओढलेली पट्टी. १९२०च्या दशकात रॉबर्ट चर्चिल नावाच्या गृहस्थांनी पंचवीस इंची आखूड नळ्यांची बंदूक काढली, तिची पट्टी उंच, अरुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. त्यामुळे आखूड नळी डोळ्याला लांब भासते. आणि मातीच्या थाळ्या उडवून नेम धरण्याच्या खेळात एकामागून एक इतके बार होतात की नळी तापून तिच्यावरची हवा थरथरते, म्हणून तिथे पट्टीखाली झरोके ठेवतात. आपल्याकडे चैत्रात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, तोच प्रकार.

म्हणजे नुसती पट्टी पाहून सांगता येतं की बंदूक कुठल्या उजेडासाठी आणि कुठल्या माणसासाठी केली होती. शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना नाणी, शिलालेख, ताम्रपट ही साधनं म्हणून सांगितली. बंदुकीची पट्टी हे साधन असू शकतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही, आणि तीही घरातच असताना.

आमच्या बंदुकीवर कारखानदाराचं नाव पुसट झालेलं आहे. पण नळ्यांच्या बुडाला, दस्त्यापासून सोडवल्यावरच दिसतील अशा जागी, चाचणीचे छाप आहेत. कारागिरानं मला भिंग दिलं. मुकुटाखाली 'एनपी' ही इंग्रजी अक्षरं. हा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा धूररहित दारूसाठीचा छाप, १९०४ पासूनचा. त्याआधीच्या कित्येक बंदुका काळ्या दारूपुरत्याच तपासलेल्या असत. तेव्हा आमची बंदूक १९०४ नंतरची, हे नक्की. तिचं काडतुसाचं घर मात्र जुन्या मापाचं, अडीच इंची आहे. आजची पावणेतीन इंची काडतुसं त्यात शिरतात, पण उडताना उलगडायला जागा उरत नाही आणि दाब नको तितका वाढतो. पुतण्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ज्यांच्या घरी अशा जुन्या बंदुका आहेत त्यांनी आधी हे तपासून घ्यावं. पट्टीबिट्टी सगळं नंतर.

ती भोरला कशी आली असेल याचा अंदाजच करावा लागतो. त्या काळी असा माल मुंबईच्या मोठ्या विलायती दुकानांतून मिळे. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत अजून उभी आहे. कलकत्त्याला तर मँटन याच नावाची पेढी होती. ब्रिटिश मुलखात १८७८च्या हत्यारांच्या कायद्यानं विनापरवाना बंदूक बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना त्यातून सूट आणि शेतकऱ्याला नाही, म्हणून तो कायदा लोकांना फार झोंबला होता. १८८७च्या मद्रास काँग्रेसनं त्याविरुद्ध ठराव केला. भोर मात्र संस्थान. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, त्यांच्या वंशाकडे हा मुलूख. पंतसचिवांना इंग्रजांकडून नऊ तोफांची सलामी होती. संस्थानात कोणी बंदूक बाळगायची हे दरबार ठरवी, आणि ती ज्याच्याकडे असे त्याचा रुबाब असे.

जाता जाता एक. वेल्हे तालुक्याचं नाव २०२४ साली राजगड झालं तेव्हा नव्या नावाची सवय कशी होणार म्हणून बरीच चर्चा झाली. भोर संस्थानात राजगड आणि प्रचंडगड असे तालुके होतेच. प्रचंडगड म्हणजे तोरणा. आमचे आजोबा पत्त्यात तेच लिहीत. तेव्हा आम्हां म्हाताऱ्यांना हे नाव नवं नाही. बोलताना मात्र मी वेल्हेच म्हणणार, तेवढी मोकळीक असावी.

८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झालं. नवीन कलेक्टर, नवीन परवाने. ज्यांच्याकडे नुसती मिरवायला बंदूक होती अशा काही मानकऱ्यांनी ती विकून टाकली. त्यांतल्याच एका घरातून दादांनी ही घेतली. किती रुपयांना ते त्यांनी आईला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. घेतली ती भातासाठी. तोरणा आणि राजगड यांच्या मधल्या खोऱ्यात आमची खाचरं, वर रान. आश्विन-कार्तिकात लोंबी भरली की रात्री डुकरांचा कळप उतरे, आणि खातील त्याच्या दसपट तुडवून ठेवी. लोक मचाणावर बसून डबे बडवत. बंदूक असलेला माणूस आळीपाळीनं सगळ्यांच्या शेतावर जाई.

आता इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या शेजारच्या तात्यांच्या घरची मंडळीही हे पान वाचतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

१९६० साल. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची खंडेनवमी. मी दहा वर्षांचा. खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून कोयते, विळे, पहार घासून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मला वाटलं, बंदूक तेवढी काळी का? सुताराकडून काचकागदाचा तुकडा आणला आणि दुपारभर बसून वरची पट्टी बुडापासून माशीपर्यंत घासली, मग राखेनं घासली, मग खोबरेल लावलं. पट्टी आरशासारखी झाली. आईनं कौतुक केलं. दादांनी पूजेच्या वेळी पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. मला ते कौतुकच वाटलं.

त्यानंतर महिन्याभरानं, कापणी चालू असताना, एक डुक्कर पहाटे खाचरात अडकलं. रात्रभर दडून राहिलेलं असावं. गडी माणसं हाका करत खालून निघाली, दादा बांधावर. राजगडाच्या अंगानं ऊन नुकतं वर आलेलं. डुक्कर त्याच बाजूला निघालं. दादांनी बार काढला तो चुकला, दुसरा लागला पण मागच्या पायावर. जखमी डुक्कर वळलं आणि तात्यांच्या अंगावर गेलं. मांडी सुळ्यानं उघडी पडली. झोळी करून त्यांना खाली नेलं. जगले. पण पाय आखडला तो आखडलाच, पुढे तीस वर्षं ते काठी घेऊन चालले.

त्या दिवशी दादा एवढंच म्हणाले, "ऊन आलं डोळ्यावर." संध्याकाळी त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली, बंदूक आडवी धरली आणि पट्टीला काजळी धरवली. मी उंबऱ्यात बसून पाहत होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर दरवर्षी भाताच्या आधी ते हे करत, आणि ते गेले तोवर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही की पट्टी तू का घासलीस.

सूर्य समोर होता, तेव्हा ऊन तसंही डोळ्यावर आलंच असतं, हे मी स्वतःला साठ-पासष्ट वर्षं सांगत आलो. कारागिरानं खिडकीशी बंदूक तिरपी धरली आणि म्हणाला, "ही पट्टी कुणीतरी उभी घासलीय. जाणकार असं करत नाही." त्यानं मग मला नीट समजावलं. रेघा आडव्या असल्या तर समोरून आलेला उजेड प्रत्येक रेघेवर फुटतो आणि विखुरतो. उभ्या रेघा मारल्या तर तोच उजेड पट्टीवरून सरळ डोळ्यात येतो. मी उभी घासली होती. मी त्याला हो म्हटलं. "कुणी?" "मीच." त्याला वाटलं मी गेल्या वर्षीचं बोलतोय, म्हणून तो हसला.

गंज हीही माझीच कृपा. भाऊ गेल्यावर परवान्याचं पुतण्याच्या नावावर होईपर्यंत बरेच सोपस्कार झाले, आणि बंदूक घरी आल्यावर मीच सांगितलं की चामड्याच्या कव्हरात घालून पोटमाळ्यावर ठेव. वेल्ह्याच्या पावसात चामडं ओल धरतं. दोन पावसाळ्यांत पट्टीला आणि डाव्या नळीला खड्डे पडले.

तर कारागिरानं एका लोखंडी पट्टीवर चार नमुने करून दाखवले. कानशीच्या आडव्या रेघा, चौकटीचं जाळं, नागमोडी रेघा, आणि पोगरानं ठोकलेले दाट ठिपके. पुतण्याला जाळं आवडलं, फोटोत उठून दिसतं म्हणाला. पोरांचं आजकाल सगळं फोटोवर येऊन थांबतं. ठिपक्यांनी चमक सर्वांत चांगली मरते, हे मी स्वतः उन्हात धरून पाहिलं. पण ठिपका म्हणजे खड्डा. जाळ्यातही प्रत्येक चौकट म्हणजे एक खड्डाच, त्यात पाणी बसणार, तेलात मिसळून मळ बसणार आणि श्रावणात पुन्हा गंज. आडवी रेघ दोन्ही कडांना उघडी असते, जुन्या दातांच्या ब्रशनं आडवं झाडलं की मळ बाहेर पडतो. विलायतेतल्या कारागिरानं आमचा पाऊस पाहिला नव्हता, पण त्यानं केलेलं काम या पावसाला इतर तिघांपेक्षा बरं होतं.

त्यानं काय केलं होतं ते कसं कळलं? पट्टीच्या बुडाशी, मळाच्या थराखाली, बोटभर जागा माझ्या काचकागदातून सुटली होती. रॉकेलनं पुसल्यावर तिथे मूळ रेघा दिसल्या, आडव्या, बारीक. टाचणीचं टोक फिरवून मी सेंटिमीटरला अकरा मोजल्या. चष्मा आणि भिंग दोन्ही लावून तीनदा मोजल्या. कारागिरानं त्याच मापाची कानस शोधली.

तरी मी अडलो होतो. पहिलं कारण असं की रेघा नव्यानं ओढायच्या म्हणजे पट्टीचं पोलाद आणखी काढायचं, आणि एकदा काढलेलं परत येत नाही. दुसरं कारण सांगायला संकोच वाटतो. पट्टी पहिल्यासारखी केली की मी जे केलं ते दिसेनासं होणार होतं. ते पुसायचा हक्क मला आहे का? पुतण्या म्हणाला, "काका, बंदूक आहे, पंचनामा नाही." त्यालाही तोवर काही माहीत नव्हतं.

शेवटी मी तात्यांच्या थोरल्या मुलाला फोन केला. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमचा म्हातारा काजळीचं सांगायचा. दर साली बंदूक काळी केल्याशिवाय तुझे दादा आमच्या खाचरात उतरत नसत, म्हणायचा. कशापायी ते त्यालाबी ठाऊक नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "कर की नीट. आता पाहायला कोण आहे." एवढंच बोलणं झालं. तो रागावला का नाही हे मला त्याच्या आवाजावरून कळलं नाही, आणि फोनवर विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मग कारागिराला कळवलं, आडव्या रेघा, मूळच्याच मापाच्या, पण शक्य तितक्या उथळ.

काम पाहायला मी दोनदा गेलो. आधी त्यानं नळ्या सुतळीला टांगून लाकडाच्या मुठीनं हलकेच वाजवल्या. डाक सुटलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. आमच्या नळ्या घंटेसारख्या वाजल्या, नाद बराच वेळ रेंगाळला. मग रेघा. कानस एका दिशेनं, एकेक ओढ, मध्येच निशाणीची पट्टी सरकवून. पूर्ण पट्टीला अडीच दिवस. काळा रंग चढवायला हल्ली उकळत्या कॉस्टिकच्या कढईत बुडवतात, तासाभरात काम होतं. पण जोडनळीला ते चालत नाही. कॉस्टिक कथलाचा डाक खातं आणि पट्टीखाली शिरून आतल्या आत कुरतडत राहतं. म्हणून जुनी रीत, औषध लावून मुद्दाम बारीक गंज आणायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, तारेच्या ब्रशनं झाडायचा, पुन्हा औषध. असं सात वेळा. गंजानं बिघडलेली बंदूक गंजानंच दुरुस्त होताना पाहून मला फार मौज वाटली.

डाव्या नळीतले दोन खड्डे खोल आहेत. ते काढायचे तर नळीची जाडी कमी होते, म्हणून तसेच ठेवले, आणि त्या नळीतून बार काढायचा नाही असं कारागिरानं बजावलं आहे. तशी बार काढायची वेळही येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, आणि रानडूक शेतात आलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बंदूक चालवता येत नाही. डुकरं मात्र येतात, पूर्वीपेक्षा जास्तच. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची, वर्षाकाठी एवढंच तिचं फिरणं.

मागच्या आठवड्यात बंदूक घरी पोचली. सकाळी आठला ओसरीवर राजगडाकडे तोंड करून पुतण्यानं रिकामी बंदूक खांद्याला लावली आणि मग मला दिली. मला ती आता जड होते. पट्टी मंद काळी दिसत होती, टोकाला पितळेची माशी स्पष्ट. पुतण्यानं विचारलं, "आजोबा चिमणीवर धरायचे ती काय भानगड होती?" तेव्हा त्यालाही सांगितलं.

बंदूक आता सुती कापडात गुंडाळून, तेलाचा हात देऊन, जमिनीपासून वर कुलुपाच्या कपाटात ठेवली आहे. आषाढ-श्रावणात दर पंधरवड्याला कापड बदलायचं, हे पुतण्याच्या कॅलेंडरवर मी स्वतः लिहून आलो. चामड्याचं कव्हर इकडे भोरला घेऊन आलो. त्यात सध्या माझी लांब दांड्याची छत्री असते.